पिवळ्या फ्रिजची सीडी

मला रॅप येतं. आमच्या घरात हे कुणी पाहुण्यांना सांगत नाही, पण येतं. एका गाण्यापुरतं, साधारण तीन मिनिटं येतं. आणि ते मी करामातल्या एका सीडीच्या दुकानात, भर बुधवारी संध्याकाळी, पंधरा-सोळा अनोळखी माणसांसमोर सादर केलेलं आहे.

हे का घडलं? तर डाळ शिजली नाही म्हणून.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दुबईत करामाला राहायचो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान श्रीकांत आणि आमचा मुलगा निखिल, वय वर्षं पंधरा. श्रीकांत फुजैराच्या बंदरात जहाजांना इंधन पुरवणाऱ्या एका कंपनीत होते. मंगळवारी सकाळी जायचे ते गुरुवारी दुपारी उगवायचे. मी सांगलीला गुरुजींकडे नऊ वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली, म्हणून दर शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये मराठी मुलांचा गाण्याचा क्लास घ्यायचे. (मुलं फक्त 'आंटी, कॅन वी गो नाऊ?' ही एकच ओळ सुरात म्हणायची.) निखिलनं मात्र बाराव्या वर्षीच माझ्या क्लासचा राजीनामा दिला होता. तेव्हापासून आमच्यातला संवाद म्हणजे मी 'जेवलास?' विचारायचं आणि त्यानं 'या' म्हणायचं. तो 'या' म्हणजे मराठीतलं आग्रहाचं 'या' नव्हे, हे कळायलाही मला दोन महिने लागले होते!

तर एके दिवशी मी कुकर लावला. तीन शिट्ट्या मोजल्या, गॅस बंद केला. उघडून बघते तर तूरडाळ जशी दुकानातून आणली तशी! दुसऱ्या दिवशी तेच. मी कुकरची रिंग बदलली, शिट्टी बदलली, डाळीच्या दुकानदाराशी भांडून आले. तिसऱ्या दिवशी कुकरसमोर स्टूल टाकून बसले. शिट्टी ऐकू आली. आणि कुकर गप्प!

शिट्टी निखिलच्या खोलीतून आली होती.

मी दार ढकलून आत गेले. "शिट्ट्या कसल्या मारतोस रे?"

"आई! यू काँट जस्ट वॉक इन!"

"माझी डाळ तीन दिवस कच्ची राहतेय!"

"इट्स अ ट्रेन, आई. इट्स इन द साँग."

'बंद कर तो धिंगाणा' असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. कारण आगगाडीच्या शिट्टीच्या मागून लग्नाच्या बँडसारखं ट्रंपेट आलं. त्याच्या खालून कुणी म्हातारी बाई चर्चमध्ये गावं तशी, पण अशी जीव तोडून गात होती की माझ्या अंगावर काटा आला. मध्येच एका तारेच्या वाद्याची ओढ, थेट सारंगीच. आणि ह्या सगळ्यावर एक माणूस बोलत होता. गात नव्हता, बोलत होता; दैऱ्याच्या मासळीबाजारात लिलाव पुकारतात त्या वेगानं. पण बोलणं कसं? मात्रेवर! माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. मी मोजते तर टाळ्या चारच्या, आणि खालचा तो घुमणारा ढोल सातचा!

"अरे," मी ओरडले, "हा सातात चाललाय! आणि वरचे चारात! आता भेटतील बघ समेवर... आता... आता... आली!"

निखिल माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं गाणं मागे नेलं आणि पुन्हा लावलं. ओठ हलवत त्यानं स्वतः मोजलं. "व्होआ," तो म्हणाला. (हे 'व्होआ' मला गेल्या तीन वर्षांत मिळालेलं एकमेव प्रशस्तिपत्र.) आणि त्यानं पलंगावरची पुस्तकं बाजूला सरकवून मला बसायला जागा करून दिली.

पुढचा आठवडाभर मी रोज संध्याकाळी त्या जागेवर बसले. कव्हरवर रस्त्याच्या मधोमध एक पिवळा फ्रिज, आणि फ्रिजवर एक जाडा माणूस बसलेला. नाव वाचायच्या भानगडीत मी पडले नाही. गाणं ऐकताना चष्मा लागत नाही. पण त्या माणसानं काय काय एकत्र आणलं होतं! भेळेत कसं, शेव शेवच राहते आणि कैरी कैरीच, पण घास एक होतो, तसं. एक गाणं तर नुसत्या टाळ्या आणि श्वास ह्यांच्यावर उभं केलेलं. शब्दांतलं मला एक अक्षर कळत नव्हतं. म्हणून तिसरं गाणं मी तबल्याचे बोल पाठ करतात तसं पाठ केलं, जसं कानावर पडलं तसं. एक शब्द मात्र स्पष्ट कळायचा.

"हा सारखा मदर, मदर का म्हणतो रे?"

निखिलचे कान लाल झाले. "नथिंग, आई. ही जस्ट... सेज इट."

"आईला फार मानतो वाटतं."

"...या."

मी गहिवरले. त्या शुक्रवारी क्लासमध्ये मुलांना सांगितलं, "बघा रे, अमेरिकेतला एवढा मोठा कलाकार, पण दर दुसऱ्या ओळीत आईचं नाव घेतो! नाहीतर तुम्ही!" मुलं एकदम चिडीचूप. एकानं तर तोंडात रुमाल कोंबला. मुलं हेलावली, असं मी तेव्हा समजले.

सीडी निखिलची नव्हती. वर्गातल्या कुणाची तरी होती, अमेरिकेहून आलेली, आणि शनिवारी शाळेत परत द्यायची होती. (तेव्हा तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असायची.) निखिलनं मला बजावलं होतं, "आई, घरात कितीही ऐक, बट डोंट टेक इट आउट. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हणाले. आणि बुधवारी सकाळी तो शाळेत गेल्यावर सीडी स्टीलच्या डब्यात रुमालात गुंडाळून बाहेर काढली!

कारण मला राहवेना हो! शारजात आमच्या ओळखीचे पेंडसे म्हणून होते. बँकेत नोकरी आणि तबला अप्रतिम. चारात सात बसवलेलं त्यांना ऐकवल्याशिवाय मला चैन पडेना. रिकामं कव्हर निखिलच्या कपाटात तसंच ठेवलं. निखिल शाळेतून परस्पर ट्यूशनला जायचा तो पाचनंतर यायचा, तोवर मी परत. गाडीत बसल्यावर मात्र सिग्नलला एकदा हात लावून बघावीशी वाटली, म्हणून डबा उघडला, सीडी काढली, आणि हिरवा दिवा लागला म्हणून समोर काचेखाली ठेवली.

पेंडशांकडे पोचले अडीचला. पेंडसे वहिनींनी सरबत दिलं. मी म्हणाले, "पेंडसे, एक चीज आणलीय तुमच्यासाठी." ते म्हणाले, "आधी माझं ऐका!" आणि त्यांनी स्वतः वाजवलेल्या झपतालाची कॅसेट लावली. दोन्ही बाजू. माझी चीज गाडीतच राहिलीय हे मला दुसऱ्या बाजूच्या शेवटी आठवलं.

महिना मे. गाडी उन्हात. दोन तास.

मी दार उघडलं. सीडी काचेखाली होती, पण आता ती सपाट नव्हती. कडा वर आलेल्या, मध्ये खळगा, तव्यावरून उतरवल्यासारखी. वरचं नाव फुगून, पसरून कुठल्याच लिपीतलं राहिलं नव्हतं. मी ती दोन्ही हातांनी दाबून सरळ करायला गेले तर करकर वाजली. त्या आवाजात माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली, पलंगावरची ती सरकवलेली पुस्तकं.

शारजाहून दुबईच्या गर्दीतून यायला तास गेला. तोवर निखिल घरी. आता वर जाऊन त्याच्यादेखत कव्हर कसं बघणार? मी तशीच तडक करामाच्या बाजारातल्या बशीरभाईंच्या दुकानात शिरले. बशीरभाई केरळचे, सगळ्या जगाची गाणी त्यांच्याकडे मिळायची. मी ते भांडं काउंटरवर ठेवलं.

बशीरभाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "मॅडम, ये सीडी है या अप्पम?" (अप्पम म्हणजे त्यांच्याकडचा वाटीसारखा खोलगट डोसा.)

"सीडी है. ऐसीच दूसरी चाहिये. अभी."

"सिंगर कौन?"

"मालूम नहीं."

"आल्बम का नाम?"

"मालूम नहीं. फ्रिज है."

"फ्रिज बाजूवाला दुकान में मिलेगा."

"वैसा नहीं हो! कव्हर पे पीला फ्रिज है. उसके ऊपर मोटा आदमी बैठा है."

"क्यों बैठा है?"

"वो मुझे क्या मालूम!"

बशीरभाई सुस्कारा टाकून म्हणाले, "थोड़ा गा के दिखाओ, मॅडम. मैं पकड़ लेगा."

मी ट्रंपेटची ओळ सरगममध्ये म्हणून दाखवली. अगदी स्वच्छ, गमकेसह. बशीरभाई तत्परतेनं आत गेले आणि लग्नगीतांची सीडी घेऊन आले. मी मान हलवली. मग ते म्हणाले, "बोल सुनाओ, बोल."

आता बोल म्हणजे रॅप. मी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात फार कुणी नव्हतं. पर्स काउंटरवर ठेवली, पदर खोचला, उजव्या हातानं काउंटरवर ठेका धरला आणि सुरू केलं. सुरुवात हळू होती. पण तुम्हाला सांगते, एकदा लय पकडली की माणूस स्वतःचा राहत नाही! पहिली सम आली आणि मी उडालेच. नऊ वर्षांचा रियाझ, आवाज काय दुकानात मावणार? बाहेरची माणसं आत आली. दोन फिलिपिनो मुली टाळ्या द्यायला लागल्या. एका अरबी आजोबांनी काठी आपटून "यल्ला! यल्ला!" म्हटलं. जिथे जिथे 'मदर' यायचं तिथे मी मुद्दाम आवाज चढवत होते, कारण शेवटी भाव महत्त्वाचा! एका बाईनं चटकन आपल्या मुलीचे कान झाकले. (सूर उतरला की काय, असं वाटून मी आणखी वरच्या पट्टीत गेले.) बशीरभाई दोन्ही हात जोडून काहीतरी सांगत होते, ती मला दाद वाटली.

आणि अचानक माझ्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. निखिलच्याच वयाची एक मुलगी, दातांना तारा, घोड्याच्या शेपटीसारखे बांधलेले केस, माझ्या शेजारी उभी राहून शब्दाला शब्द लावत होती! आम्ही दोघी एकदम समेवर आलो. दुकानात टाळ्यांचा कडकडाट!

"आंटी!" ती धापा टाकत म्हणाली. "दॅट्स ट्रॅक थ्री! हाऊ डू यू नो ट्रॅक थ्री?"

"तुला माहितेय ही सीडी?" माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "नाव काय हिचं?"

"ऑफ कोर्स! आय हॅव इट. माय कझिन सेंट इट फ्रॉम अमेरिका. आत्ता माझ्या क्लासमधल्या एका मुलाकडे आहे. निखिल. ही'ज सो केअरफुल, आंटी! ही ओन्ली होल्ड्स इट फ्रॉम द एजेस."

मी माझी पर्स हळूच उचलली आणि अप्पमवर ठेवली.

"व्हॉट्स युअर नेम, आंटी?"

"पेंडसे," मी म्हणाले.

का म्हणाले, विचारू नका. तोंडात तेच आलं! मुलीनं आनंदानं सीडीचं नाव बशीरभाईंना सांगितलं, मला "यू रॉक, पेंडसे आंटी" म्हणाली आणि गेली. बशीरभाईंनी डोकं खाजवलं. "ये दुबई में किसी के पास नहीं. लेकिन मेरा साला का दुकान है फुजैरा में. उधर शिप का लोग आता है, ऐसा माल उसके पास रहता है. नाम बोलके पूछना. मिल जायेगा, इन्शाल्ला."

फुजैरा! आणि श्रीकांत आत्ता फुजैरातच! मी बशीरभाईंच्याच फोनवरून त्यांच्या ऑफिसला फोन लावला. पंचाईत एकच. सीडीच्या नावात दोन शब्द होते, आणि पहिला शब्द असा होता की लग्नाला अठरा वर्षं होऊनही मी तो नवऱ्यासमोर उच्चारलेला नव्हता.

"अहो, एक सीडी आणायचीय. लिहून घ्या."

"नाव सांग."

"नाव नाही सांगत. अक्षरं सांगते."

"म्हणजे काय?"

"लिहा हो! बी."

बंदरातल्या माणसांना वायरलेसची सवय. ते प्रत्येक अक्षर ठणकावून परत म्हणतात, ऐकण्यात चूक नको म्हणून. "ब्राव्हो!" श्रीकांत गरजले.

"ए."

"अल्फा!"

"एस... टी..."

"सिएरा! टँगो!"

"हळू बोला हो! ए... आर... डी."

"अल्फा! रोमिओ! डेल्टा!" मग पलीकडे एकदम शांतता. कागदावर काय उमटलं ते त्यांना दिसलं असावं. आणि त्या शांततेत तिसराच आवाज आला, जड, सुसंस्कृत. श्रीकांतचे साहेब, घोषबाबू. फोन स्पीकरवर होता!

"श्रीकांत," घोषबाबू म्हणाले, "इज दिस अ न्यू व्हेसल? व्हेन इज शी अरायव्हिंग?"

त्या संध्याकाळी निखिल म्हणाला, "आई, कमिंग टु लिसन?" मी म्हणाले, "नको रे, डोकं दुखतंय." तोही परीक्षेची वही घेऊन बसला. डोकं खरंच दुखत होतं.

गुरुवारी दुपारी श्रीकांत आले. सीडी घेऊन आले! तोच फ्रिज, तोच जाडा माणूस. "घोषबाबू विचारत होते, वहिनींची तब्येत बरी आहे ना," एवढंच ते म्हणाले आणि आंघोळीला गेले. निखिल खाली खेळायला गेलेला. मी नवी तबकडी जुन्या कव्हरात घालण्याआधी खात्री म्हणून तिसरं गाणं लावलं. आगगाडी आली. ट्रंपेट आलं. म्हातारी आली. बोलणं सुरू झालं. पण दर दुसऱ्या ओळीला एक अर्धी मात्रा रिकामी! नुसती शांतता. पहिल्यांदा मला ते फारच आवडलं. काय सुंदर 'खाली' ठेवलीय, म्हटलं! मग लक्षात आलं.

"अहो!" मी किंचाळले. "ह्यात आई नाहीये!"

श्रीकांत टॉवेलवर बाहेर धावले. "आईला काय झालं? कुणाचा फोन आला?" त्यांची आई साताऱ्याला. त्यांनी फोन उचलून साताऱ्याचा नंबर फिरवायलाही घेतला!

"तुमची नाही हो! ह्याची! सीडीतली मदर गेली!"

"आई?" दारातून आवाज आला. निखिल फुटबॉल काखेत घेऊन उभा होता. तो दोन ओळी ऐकत राहिला. "व्हेअर आर द वर्ड्स?" त्यानं यंत्रातून सीडी काढली, उलटून पाहिली. "दिस इज द क्लीन व्हर्जन. दिस इजन्ट हर्स."

मी स्वयंपाकघरात गेले, तांदळाच्या डब्यामागून ते अप्पम काढलं आणि त्याच्या हातात दिलं. सगळं सांगितलं. निदान जेवढं सांगवलं तेवढं.

त्यानं ती वाकडी तबकडी कडांनीच धरली. "यू प्रॉमिस्ड," तो म्हणाला. बस, दोनच शब्द. ओरडला असता तर बरं झालं असतं. आणि मी नको तो प्रश्न विचारला.

"पण मला सांग, ह्यांनी मदर का काढली? आईचं नाव घेतलं तर कुणाला काय वावडं?"

निखिलनं भिंतीकडे बघत, इंग्रजीत, दीड वाक्यात खुलासा केला. पूर्ण शब्द काय, आणि त्यात मदर हा फक्त पूर्वार्ध कसा.

मला शुक्रवारचा क्लास आठवला. तो रुमाल आठवला. ते झाकलेले कान आठवले. भर करामात, पदर खोचून, भावासहित, वरच्या पट्टीत... किती वेळा? अकरा वेळा! मी मोजलेलं होतं! मोजायची सवयच ना!

श्रीकांत टॉवेलवरच उभे होते. त्यांनी फक्त फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी क्लास रद्द केला. निखिल म्हणाला, "आय'ल टेल हर आय लॉस्ट इट." मी म्हणाले, "नाही. वितळवली मी, तर सांगणार मी." मुलगी अल मनखूलला राहायची, रेशम कारखानीस नाव. वडिलांचा मसाल्याचा व्यापार. जाताना गाडीत मी एसी वाढवला, तर निखिलनं कमी केला. तेवढाच संवाद!

दार रेशमच्या आईनं उघडलं. मागून रेशम डोकावली आणि आनंदानं ओरडली, "मम्मी! धिस इज हर! पेंडसे आंटी! रॅप आंटी!"

"पेंडसे?" निखिल म्हणाला.

"या ना, या!" कारखानीसबाई म्हणाल्या, पण चेहरा गोंधळलेला. "तुम्ही पेंडसे? मग शारजाच्या पेंडसे वहिनी कोण? मी कालच त्यांना फोन केला हो. म्हटलं, आमच्या रेशमनं करामात तुमचं गाणं ऐकलं, म्हणे दुकानात शिव्या देत काय सुंदर गात होतात! तर त्या एकदम रडायलाच लागल्या!"

मी सोफ्याच्या कडेवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. डाळीपासून. निखिलला दिलेलं प्रॉमिस, पेंडशांचा झपताल, अप्पम, नाव खोटं का सांगितलं, आणि मदरचा अर्थ मला काल दुपारपर्यंत माहीत नव्हता, हेसुद्धा. "चूक माझी आहे," मी रेशमला म्हणाले. "निखिलची नाही. त्यानं खरंच कडांनीच धरली होती."

रेशमनं वितळलेली सीडी हातात घेतली. मी श्वास रोखला. आणि ती पोरगी अशी हसत सुटली की दातांच्या तारा निखळतील असं वाटलं! "कॅन आय कीप धिस? प्लीज? इट्स सो कूल! मी भिंतीवर लावणार! कझिन दुसरी पाठवेल." मग शहाण्यासारखी म्हणाली, "आंटी, तुम्हाला सातचं ते कसं कळलं? टीच मी?"

"तुम्ही शिकवता का हो?" कारखानीसबाईंनी विचारलं. "हिला घ्या की क्लासला. फक्त ते... शास्त्रीय शिकवा."

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. निखिल आकड्यांकडे बघत होता. चौथा मजला, तिसरा. दुसऱ्या मजल्यावर त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. "पेंडसे?" तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून, पोट धरून हसला. "आई, ऑल द नेम्स इन द वर्ल्ड, अँड... पेंडसे?" तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा आम्ही दोघंही हसत होतो, आणि बाहेरची माणसं आत यायला घाबरत होती. (पेंडसे वहिनींची समजूत काढायला मात्र मला तीन खेपा आणि एक पैठणी लागली.)

पुढच्या शुक्रवारी रेशम क्लासला आली. आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी, तीन वर्षांच्या राजीनाम्यानंतर, निखिल आपण होऊन सतरंजीच्या टोकाला येऊन बसला!

माझा आनंद काय वर्णावा! "बघा," मी श्रीकांतना म्हणाले, "मी त्याचं गाणं ऐकलं, म्हणून आता तो माझं ऐकतोय. मुलांना असं ओढून घ्यावं लागतं!" सांगलीला गुरुजींना चार पानी पत्र लिहिलं. निखिल एकही शुक्रवार चुकवायचा नाही. केस भिजवून, विंचरून बसायचा. भूप म्हणताना त्याची मान सारखी उजवीकडे वळायची. डावीकडून एसीचा झोत लागत असेल, म्हणून मी माणूस बोलावून एसी हलवून घेतला.

चार महिन्यांनी कारखानीस कुटुंब दुबई सोडून पुण्याला परत गेलं. त्या शुक्रवारी निखिल खोलीतून बाहेरच आला नाही. मी दारावर टकटक केली. (आता मी टकटक करायला शिकले होते.)

"अरे, क्लास सुरू झालाय!"

"आय'म डन विथ क्लासिकल, आई."

मी हिरमुसून श्रीकांतकडे आले. "माझंच चुकलं हो. भूप संपल्या संपल्या लगेच यमन सुरू करायला नको होता. मुलाला झेपला नाही!"

श्रीकांत पेपर खाली करून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेपर पुन्हा वर धरला. आणि मी वही काढून यमन आणखी सोपा करायला बसले.